तीन दिवसांची शून्यं

लग्नाला गेले की ते आधी पाण्याचा ग्लास शोधायचे. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी त्यांचं टीडीएस, म्हणजे पाण्यातले क्षार, मोजायचं यंत्र असायचं, पेनाएवढंच, पांढरं. ते ग्लासात बुडवायचे, आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचे आणि यजमानाला मोठ्यानं सांगायचे, "चारसौ बीस!" यजमान हसायचा. त्याला वाटायचं, विनोद चाललाय. मग ते यजमानाचा हात धरून पाण्याचे कॅन ठेवले असतील तिथे घेऊन जायचे आणि कॅनवाल्याची उलटतपासणी सुरू व्हायची. तोवर आंटीजी, म्हणजे त्यांच्या पत्नी, जेवून हात धुऊन गाडीत बसलेल्या असायच्या.

ते जयपूरमधले माझे घरमालक. वैशाली नगरात त्यांचं दुमजली घर होतं. खाली ते दोघं, वर मी. सगळे त्यांना बाऊजी म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. ते पाणीपुरवठ्याच्या खात्यात होते, रसायनं आणि तपासणीच्या बाजूला. निवृत्त होऊन तीन-चार वर्षं झाली होती, पण सकाळी साडेनऊला पँट-शर्ट घालून ते अजूनही कुठेतरी निघाल्यासारखे तयार व्हायचे. बोलायचे हिंदीत, मधूनमधून त्यांच्या गावची ढूंढाडी. मी मात्र ते सगळं मराठीतच लिहितेय. हे एकदा मला माझ्या भाषेत नीट सांगायचं आहे.

मी बँकेत अधिकारी. बदली होऊन जयपूरला आले तेव्हा एकोणतीस वर्षांची होते, एकटी. एकट्या मुलीला घर द्यायला लोक नाखूश असत. चार ठिकाणी नकार ऐकून पाचव्या दारात मी उभी होते. बाऊजींनी माझं नाव, बँक, गाव काहीच आधी विचारलं नाही. मी महाराष्ट्रातली आहे एवढं कळल्यावर ते खुर्चीत पुढे सरकले.

"समुद्र किती लांब तुमच्या घरापासून?"

माझं गाव लातूरजवळ. समुद्र मी तोवर दोनदा पाहिला होता, दोन्ही वेळा मुंबईत परीक्षेला गेले तेव्हा. पण त्या प्रश्नात असं काही होतं, की खरं उत्तर दिलं तर इथूनही परत जावं लागेल असं मला वाटलं.

"जवळच आहे," मी म्हणाले.

"वा! बाईसा समंदरवाली हैं," त्यांनी आत आवाज दिला. बाईसा म्हणजे तिकडे घरच्या लेकीला म्हणतात. मला खोली मिळाली.

का विचारलं ते फेब्रुवारीत कळलं. एक दिवस बँकेतून आले तर बैठकीच्या खोलीत भिंतीलगत चार फुटी काचेची टाकी बसवलेली. शेजारी निळे ड्रम, समुद्री मिठाच्या पोत्यासारख्या पिशव्या, नळ्या, पंप. बाऊजी घरात खाऱ्या पाण्यातल्या माशांची टाकी करणार होते. जयपुरात, जिथे उन्हाळ्यात शेजारी टँकरची वाट बघत बसतात.

आंटीजी दारात कमरेवर हात ठेवून उभ्या. "चौतीस वर्षं हे गावोगावचं खारं पाणी गोडं करत फिरले," त्या मला म्हणाल्या. "आता घरातलं गोडं पाणी खारं करतायत."

गल्लीनंही हे वाक्य उचललं. समोरचे सद्गृहस्थ सकाळी विचारायचे, "बाऊजी, आज भरती का ओहोटी?" बाऊजी गंभीरपणे सांगायचे, "आज एक पॉइंट शून्य दोन चार. अजून थोडं मीठ लागेल."

एकदा मी त्यांना सरळच विचारलं, हे कशासाठी? ते म्हणाले, "नोकरीत पाणी कधी माझं नव्हतंच. विहीर कोणाची, पाइप कोणाचा, टाकी कोणी धुतली नाही, तक्रार मात्र माझ्या टेबलावर. एक पाणी असं हवं, की पहिल्या थेंबापासून मी केलं. बिघडलं तर बोट दाखवायला दुसरा कोणी नाही."

समुद्र त्यांनी आयुष्यात एकदाच पाहिला होता, मुंबईला कसल्याशा प्रशिक्षणाला गेले असताना. बरोबरचे लोक भेळ खात होते आणि हे पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात बोट बुडवून चाटून बघत होते. "पस्तीस हजार टीडीएस!" हे सांगताना त्यांचे डोळे आजही मोठे व्हायचे. "आणि त्यात जीव राहतात, बाईसा. आरामात राहतात. म्हणजे वाईट काय असतं? वाईट असतं ते रोज बदलणारं पाणी. आज एक, उद्या दुसरं."

त्यामुळे त्यांच्या टाकीचं सगळं घड्याळावर चालायचं. आरओचं पाणी साठवून त्यात मीठ विरघळवणं, एक रात्र पंपानं ढवळणं, खारटपणा मोजणं, तापमान मोजणं. पाण्याची पातळी कळावी म्हणून काचेवर आंटीजींची लाल टिकली चिकटवली होती. मार्चच्या कोरड्या हवेत रोज पाणी उडायचं आणि टिकलीखाली बोटभर रेघ दिसायची. तेवढं पाणी ते भरायचे, पण गोडं. एकदा आंटीजींनी मदत म्हणून खारं ओतलं तर ते पाऊण तास समजावत बसले, की उडतं ते फक्त पाणी, मीठ मागेच राहतं. आंटीजी म्हणाल्या, "माझंही तसंच झालंय तुमच्या घरात."

आणि टाकीत मासा एकही नव्हता. महिना झाला तरी नव्हता. सच्छिद्र दगड, वाळू, फिरणारं पाणी, वर दिवा. येणारे-जाणारे काचेला नाक लावून मासे शोधायचे. बाऊजी म्हणायचे, "पानी को टाइम दो." त्यांनी मला समजावलं होतं: नवं पाणी दिसायला कितीही स्वच्छ असलं तरी त्याला पचन नसतं. मासा घाण करणार, त्या घाणीचा अमोनिया होणार आणि मासा त्यातच मरणार. आधी पाण्यात बारीक जिवाणू वाढावे लागतात, ते अमोनिया खातात. आणि ते वाढावेत म्हणून मासा नसतानाच पाण्याला थोडी घाण द्यायची, अगदी मोजून. रोज तपासायचं. अमोनिया आधी चढतो, मग उतरतो. शून्यावर येऊन टिकला, की पाणी तयार.

ही पहिली घाण म्हणजे एक कोळंबी. ते घर असं की कांदासुद्धा आंटीजींच्या नकळत यायचा. बाऊजी एका संध्याकाळी जिना चढून वर आले, आवाज खाली करून म्हणाले, "तुम्ही समुद्राकाठच्या. तुम्हाला माहीत असेल कुठली चांगली." मी जन्मात कोळंबीला हात लावला नव्हता. पण समुद्र मीच घरापाशी आणून ठेवला होता, आता बोलणार काय? एका मोठ्या दुकानात गेले, गोठवलेल्या मालाच्या फ्रिजमधून एक पाकीट दोन बोटांनी उचललं, ओढणीखाली लपवून घरी आणलं. एक कोळंबी कापडाच्या पुरचुंडीत बांधून आम्ही दोघांनी दगडामागे सोडली. उरलेलं पाकीट मी दुसऱ्या कॉलनीत जाऊन मांजरांना घातलं. चौथ्या दिवशी आंटीजी नाक मुरडत म्हणाल्या, "समुद्राला असाच वास येतो का गं?" मी म्हणाले, "हो, असाच." बाऊजींनी माझ्याकडे कौतुकानं पाहिलं.

हे सोंग आईनं उतरवलं. मार्चमध्ये ती आठ दिवस राहायला आली. तिचं हिंदी म्हणजे मराठीलाच शेवटी "है" लावलेलं. बाऊजींनी तिला टाकी दाखवली आणि आदरानं विचारलं, "आपको तो घर की याद आती होगी?" आई म्हणाली, "कशाची याद? हमारे लातूर में कहाँ का समुद्र? आमच्याकडं नळाला आठ-आठ दिवस पाणी येत नाही है. आंगुळीचं पाणी परातीत बसून धरतो आन् तेच झाडाला घालतो है."

मी जमिनीकडे बघत राहिले. बाऊजी एवढे हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. दुसऱ्या दिवशी ते मला म्हणाले, "घर मिळावं म्हणून बोललात, ते मी मोजत नाही. चार ठिकाणी नाही म्हटल्यावर मीही बोललो असतो. फक्त आकड्यात नको, बाईसा. अंदाजानं बोलायचं नाही, पाहून सांगायचं."

हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य होतं, आणि त्यामागे एक गोष्ट होती. ती त्यांनी मला निदान तीनदा सांगितली. जयपूरजवळच्या चौमूंच्या पुढे एका गावाचं पाणी त्यांच्याकडे होतं. त्यांच्या मदतनीसानं रोज गावाच्या शेवटच्या नळापर्यंत जाऊन पाणी तपासायचं आणि वहीत आकडे लिहायचे. वही देखणी, एक दिवस रिकामा नाही. एकदा बाऊजी न सांगता गेले आणि स्वतः त्या शेवटच्या नळापर्यंत चालत गेले. तो नळ चार महिन्यांपासून कोरडा होता. बायका पलीकडच्या खाऱ्या विहिरीवरून घागरी आणत होत्या, आणि वहीत त्या नळाचे रोजचे आकडे. मदतनीसाला त्यांनी मे महिन्याच्या उन्हात सगळी पाइपलाइन स्वतःबरोबर पायी चालायला लावली, दोन दिवस. पण गोष्ट सांगताना त्याच्यावरचा राग त्यांच्या आवाजात नसायचा. शेवटी ते दर वेळी एकच म्हणायचे. "चार महिने वहीवर सही माझी होती. मी न बघता करत होतो."

टाकीचीही वही होती. जाड पुठ्ठ्याची, शाळेतल्या हजेरीपटासारखी. तारीख, वेळ, खारटपणा, तापमान, अमोनिया, आणि शेवटच्या रकान्यात सही. अमोनियाचा रकाना मात्र मी भरायची. बाऊजींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. तपासणीची एक किट होती: काचेच्या नळीत टाकीचं पाणी घ्यायचं, किटमधल्या बाटलीतले थेंब टाकायचे, पाच मिनिटं थांबायचं आणि नळी रंगांच्या पट्टीला लावून बघायची. पिवळा रंग म्हणजे शून्य, हिरवट झाला की अमोनिया. त्यांना पिवळा आणि फिकट हिरवा यांतला फरकच कळेनासा झाला होता. त्यामुळे संध्याकाळी सात वाजता मी खाली जायची, नळी दिव्याशी धरायची आणि रंग सांगायची. ती पाच मिनिटं ते हात मागे बांधून उभे राहायचे, निकालाला आलेल्या विद्यार्थ्यासारखे. एप्रिलच्या मध्यात पहिल्यांदा नळी स्वच्छ पिवळी राहिली. "शून्य," मी म्हणाले. त्यांनी लिहिलं, सही केली आणि जाहीर केलं, "सलग सात शून्यं आली, की मासे."

चार शून्यं झाली आणि आखा तीज, म्हणजे आपली अक्षय तृतीया, आली. चौमूंला त्यांच्या पुतण्याचं लग्न होतं. दोघांना तीन दिवस जाणं भागच होतं. निघताना बाऊजींनी किल्ली माझ्या हातात दिली. पाण्यातल्या जिवाणूंना रोज चिमूटभर माशांचं खाणं घालावं लागे. त्याच्या त्यांनी तीन पुड्या बांधल्या होत्या, औषधाच्या असतात तशा, वर वार लिहून. "रोज एक. आणि सातला मी फोन करीन. तुम्ही फक्त रंग सांगा."

पहिल्या संध्याकाळी मी बँकेतून आले तेव्हा उन्हानं डोकं भणभणत होतं. कूलर लावून पलंगावर पडले, मोबाइलवर काहीतरी बघत. सातला फोन आला. मागे ढोल वाजत होता, बाऊजी ओरडून विचारत होते, "रंग?" खाली जायला चौदा पायऱ्या होत्या. काल शून्य होतं, परवा शून्य होतं. मी म्हणाले, "शून्य, बाऊजी."

"पाचवं!" ते ओरडले. कोणाला तरी सांगितलंही असावं, कारण पलीकडे कोणी तरी हसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुडीची आठवण झाली. बँकेला उशीर झाला होता, रिक्षा दारात होती. कुलूप उघडून आत गेले, कालची पुडी ओतली, आजची ओतली. आणि मग, पुन्हा खाली यायला नको म्हणून, उद्याचीही ओतली. पाण्यावर तपकिरी तवंगासारखं पसरलं, थोडं थोडं करून दगडांमागे खाली बसलं. मी कुलूप लावून गेले. त्या संध्याकाळी फोनवर "शून्य", पुढच्या संध्याकाळीही "शून्य". सातवं शून्य ऐकून बाऊजींनी फोन आंटीजींकडे दिला. "डोळ्यांत पाणी आलंय ह्यांच्या," त्या म्हणाल्या. "लग्नात सगळे विचारतायत काय झालं."

परतीच्या वाटेवर झोटवाड्यात एक मासेवाला होता. त्याच्याकडे त्याच दिवशी माल आला होता. दोन मासे, नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांचे, बोटाएवढे. बाऊजी ते पिशवीत घेऊन, पिशवी मांडीवर, मांडी हलू न देता घरी आले. मी सुट्टीचा दिवस म्हणून घरीच होते. आंटीजींनी टाकीसमोर स्वतःसाठी खुर्ची मांडली. गेल्या दोन महिन्यांत त्या टाकीजवळ बसलेल्या मी पाहिल्या नव्हत्या.

बाऊजींनी पिशवी पाण्यावर तरंगत ठेवली, तापमान जुळवलं, खारटपणा पुन्हा मोजला. मग टाकीपाशी वाकून बराच वेळ बघत राहिले.

"पाणी जरा धूसर वाटतंय."

आंटीजी म्हणाल्या, "पाणी नाही, तुमचे डोळे धूसर. किती वेळा सांगितलं ऑपरेशन करून घ्या."

ते माझ्याकडे वळले. "बाईसा, तुम्हाला दिसतंय धूसर?"

पाणी धूसर होतं. तांदूळ धुतल्यावरच्या तिसऱ्या पाण्यासारखं, थोडंसंच, पण होतं. त्या क्षणी बोलता आलं असतं. नळी दहा पावलांवर होती आणि पाच मिनिटांचं काम होतं. पण नळी हिरवी निघाली असती, तर मागची तीन शून्यं कुठून आली ते सांगावं लागलं असतं.

"नाही," मी म्हणाले. "स्वच्छ आहे."

त्यांनी पिशवीची गाठ सोडली.

मासे सुंदर होते. तासभर तरी आम्ही तिघं बघत होतो. आंटीजींनी हळूच विचारलं, "हे झोपतात का?" समोरचे सद्गृहस्थ बायकोला घेऊन आले आणि भरती-ओहोटीचं काही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आवरत असताना खालून हाक आली. एक मासा वाळूवर आडवा पडला होता. दुसरा पाण्याच्या वरच्या थराशी तोंड उघडत-मिटत होता, कल्ले भराभर हलत होते. बाऊजींनी स्वतः थेंब टाकले आणि नळी माझ्याकडे दिली. पाच मिनिटं थांबावंच लागलं नाही. ती गर्द हिरवी झाली, इतकी की मोतीबिंदूतूनही दिसावी.

बाऊजी वही उघडून पानाकडे बघत राहिले. "सात दिवस शून्य. आणि आज हे? असं पाणी करत नाही, बाईसा. पाणी असं कधी करत नाही."

मी त्यांच्या शेजारी उभी होते. म्हणाले, "किट खराब झाली असेल. उन्हाळा आहे."

हे मी बोलले. त्यांनी सुचवलं नव्हतं, मी सुचवलं.

त्यांनी बाटली उचलून तारीख बघितली, माझ्याकडे वाचायला दिली. मुदत शिल्लक होती. "हां," ते सावकाश म्हणाले, "गर्मीनं होऊ शकतं." दुपारपर्यंत त्यांनी साठवलेलं खारं पाणी आत घातलं, जुनं काढलं, पुन्हा घातलं. मी बँकेत होते. संध्याकाळी आले तेव्हा दुसरा मासाही गेला होता. लिंबाच्या कुंडीत दोघांना पुरलं होतं. त्या दिवशी दोघं नवरा-बायको जेवले नाहीत. आंटीजी देवापुढे बसून राहिल्या. आपल्या घरात दोन जीव गेले, एवढंच त्या म्हणत होत्या. मी बँकेत डबा खाल्ला होता, सगळा. आणि वहीत त्या तारखेपुढे बाऊजींनी लिहिलं होतं: "दोन मासे मेले. किट न पडताळता विश्वास ठेवला. चूक माझी." खाली सही.

त्यानंतर आठ महिने मी त्याच घरात राहिले. त्यांनी नवी किट आणली, मग पडताळायला दुसऱ्या कंपनीची आणखी एक. मी रोज दोन्ही नळ्या बघायची, आता खरोखर बघायची, आणि सांगायची. पावसाळ्याआधीच पाणी पुन्हा पिवळं झालं आणि राहिलं. सात शून्यं झाली, सत्तर झाली. बाऊजी लिहायचे, सही करायचे आणि माशांचं नाव काढायचे नाहीत. "अजून बघू," म्हणायचे. सांगायचं म्हणून मी किती तरी वेळा जिन्यात आले. एकदा तर "बाऊजी, मला—" इथपर्यंत बोलले. त्यांनी मान वर केली आणि मी भाड्याच्या पावतीचं काही तरी विचारलं. जानेवारीत माझी नागपूरला बदली झाली. निघताना आंटीजींनी तीळगुळाची गजक बांधून दिली. बाऊजींनी स्टेशनपर्यंत सामान आणलं आणि गाडी सुटेपर्यंत उभे राहिले.

मार्चमध्ये, होळीच्या दिवशी आंटीजींचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर त्या म्हणाल्या, "ह्यांनी डोळ्यांचं ऑपरेशन केलं. आता सगळं लख्ख दिसतं. पण टाकी तशीच रिकामी. तिसरी किट आणली. आकडा बरोबर येतो तरी म्हणतात, मागच्या वेळीही बरोबरच आला होता." मग म्हणाल्या, "लग्नाला जातात तेव्हा खिशात आता ते पांढरं यंत्रही नसतं. माणसाचा स्वतःवरचा विश्वासच गेलाय गं."

दुसऱ्या दिवशी सकाळी बँकेत जाण्याआधी मी फोन लावला. बसून बोलता येईना, म्हणून खिडकीशी उभी राहिले. माफी वगैरे शब्द मी रात्रभर जुळवले होते, पण त्यांनी ते येऊच दिले नाहीत. मी "त्या तीन दिवसांत मी खोटं सांगितलं" एवढं म्हणताच त्यांचा आवाज बदलला, तपासणीला गेल्यासारखा झाला.

"किट उघडली होती?"

"नाही."

"खाली तरी आला होतात?"

"एकदा. दुसऱ्या दिवशी सकाळी, खाणं टाकायला."

"किती टाकलं?"

"तिन्ही पुड्या."

मग, "म्हणजे किट बरोबर होती."

"हो."

"आणि पाणी धूसर होतं."

"हो बाऊजी. मला दिसलं होतं."

"थांबा एक मिनिट," ते म्हणाले. पावलांचा आवाज, कपाटाचं दार, पानं उलटल्याची सळसळ. "हां. आता पहिल्यापासून सांगा. हळू. लिहून घेतो."

मी सांगितलं. पहिला दिवस, पाहिलं नाही. दुसरा दिवस, तीन पुड्या एकदम, पाहिलं नाही. तिसरा दिवस, पाहिलं नाही. चौथा दिवस, पाणी धूसर दिसलं, स्वच्छ आहे असं सांगितलं. पाचवा दिवस, किट खराब असेल असं सांगितलं. प्रत्येक ओळीनंतर ते "हां" म्हणत होते. पेनाचा आवाज मला फोनमधून ऐकू येत होता.

"ठीक आहे, मॅडमजी," ते म्हणाले. सव्वा वर्षात त्यांनी मला मॅडमजी कधी म्हटलं नव्हतं. फोन ठेवला.

तीन आठवड्यांनी आंटीजींनी फोटो पाठवला. टाकीत दोन नारिंगी मासे. खाली लिहिलं होतं, "ठीक हैं दोनों. खाते हैं." मी त्यांना काय सांगितलं हे बाऊजींनी आंटीजींना कळू दिलं होतं की नाही, मला माहीत नाही. त्यानंतरही त्यांचे सणासुदीला फोन येत राहिले, आवाजात काही फरक नव्हता. बाऊजी फोनवर येत नसत. मागे कुठे तरी असत. "नमस्कार सांगतायत," असं आंटीजी म्हणत.

गेल्या हिवाळ्यात बँकेच्या प्रशिक्षणासाठी मी जयपूरला गेले. चार दिवस टाळलं. पाचव्या दिवशी संध्याकाळी मिठाईचा डबा घेऊन त्या दारात उभी राहिले. आंटीजींनी मिठी मारली. बाऊजी उठून उभे राहिले, बसा म्हणाले, नोकरी कशी चाललीय, आईची तब्येत कशी आहे, लातुरात यंदा पाऊस झाला का, सगळं विचारलं. टाकी दाखवली. आता सहा मासे होते, दगडांवर जांभळट थर धरला होता आणि पाणी असं, की मध्ये काच आहे हे लक्षात येऊ नये. कोणता मासा कधी आला, कोण कोणाशी भांडतो, हे त्यांनी मला सांगितलं, अगदी घरी आलेल्या कोणत्याही पाहुण्याला सांगावं तसं, नीट, आदरानं.

भिंतीवरच्या घड्याळात सात वाजत आले. बाऊजींनी कपाटातून वही काढली, नळ्यांचा डबा काढला. मी नकळत उठले.

"आप बैठिए, मॅडमजी. चहा घ्या," ते म्हणाले.

मी आंटीजींच्या मागोमाग बाहेरच्या व्हरांड्यात आले. बाऊजींनी बैठकीचं दार आतून लोटून घेतलं. आंटीजी बाहेरगावी असलेल्या त्यांच्या मुलाच्या नव्या घराबद्दल काही सांगत होत्या, मी हो-हो करत होते. आतून नळीवर टिचकी मारल्याचा आवाज आला, मग शांतता. पाच मिनिटं लागतात, मला माहीत होतं. मी चहा संपवला, कप आत नेऊन विसळून ठेवला आणि दार उघडायच्या आत निघाले.